रोजचे सहा लीटर

२ जानेवारी

नवी वही उघडली. जुन्या सगळ्या पाणीखात्यात जमा आहेत. चौतीस वर्षं लोकांच्या दारातले पाण्याचे मीटर वाचले. आकडा लिहायचा आणि पुढे शेरा: ठीक, बंद घर, मीटर नादुरुस्त, आणि लाल शाईत 'गळती'. इतक्या वर्षांत माझा एक आकडा चुकला नाही. हे मी नाही म्हणत, निवृत्तीच्या दिवशी साहेब चारचौघांत म्हणाले. मी नुसतं उतरवून ठेवतोय.

वही काढली कारण आजपासून घरात लढाई आहे. शत्रू म्हणजे ओल. मागच्या खोलीची भिंत गुडघ्यापर्यंत काळी पडलीये, रंगाचे पोपडे निघतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो. त्या खोलीत लेक आणि नात झोपतात. नातीचं वय पाच, अंगाने गुटगुटीत, म्हणून सगळे तिला ठमी म्हणतात. जावई बोटीवर असतात, वर्षातले नऊ महिने समुद्रात, त्यामुळे दोघी दोन वर्षांपासून आमच्याकडे. घर भरलेलं वाटतं.

ठमीची छाती घरघरते. आज डॉक्टरीणबाईंनी पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "खोलीत ओल आहे का?"

"हिवाळा आहे, थोडीफार असायचीच," मी म्हणालो.

"थोडीफारसुद्धा नको. महिनाअखेरपर्यंत खोली कोरडी करा, नाहीतर पोरीला दुसऱ्या घरी ठेवा."

पुढच्या खोलीत झोपवून पाहिलंय आम्ही, पण तिथे रस्त्याच्या धुळीने खोकला दुप्पट होतो. 'दुसरं घर' कुठलं ते लेकीने परतताना वाटेतच सांगितलं. तिच्या नणंदेचं, तिसऱ्या मजल्यावरचं, भरपूर उन्हाचं, आगगाडीने सात तासांवरचं. "बाबा, मला काय हौस आहे का जायची? पण तिचा श्वास मोजत पडून राहते मी. किती दिवस मोजू?"

मनात म्हटलं, बघतोच आता. जिच्या बापाने अख्ख्या गावाच्या पाण्याचा हिशेब ठेवला, तिला घरातल्या ओलीपायी जावं लागलं तर माझ्या जिण्याला काय अर्थ?

४ जानेवारी

आणलं! यंत्र आणलं! दुकानदार त्याला डीह्युमिडिफायर म्हणतो. मला ते म्हणताना दोनदा ठेच लागली, तेव्हा त्याने सुचवलं, "काका, ओल ओढणारं यंत्र म्हणा." चांगला माणूस. त्याने नीट समजावलं. थंडीत भिंती गार पडतात, दमट हवा त्यांना लागली की तिचं पाणी होतं आणि भिंत ओलावते. हे यंत्र हवा आत ओढतं, गार नळ्यांवरून फिरवतं, तिचं पाणी टाकीत पाडतं आणि कोरडी हवा बाहेर सोडतं. टाकी आठ लीटरची, अंगावर खुणा. सोबत हवेतली ओल टक्क्यांत दाखवणारं छोटं घड्याळ. आत्ता ते अठ्ठ्याऐंशी दाखवतंय. पंचावन्नला आणायचं.

ठमीने यंत्राभोवती दोन चकरा मारल्या आणि जाहीर केलं, "हा हत्ती आहे. पाणी पितो." झालं, बारसं उरकलं.

बायको मात्र भिंतीला हात लावून उभी. "अहो, आधी भिंतीतला नळ कुठे गळतोय का ते बघूया का?"

माझं डोकंच फिरलं. त्या भिंतीच्या पलीकडे न्हाणीघर आहे आणि आतल्या नळाचा जोड बारा वर्षांपूर्वी मी या हातांनी घातलाय. "अगं, तो जोड कुणाचा आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे, म्हणून तर जरा भीतभीत विचारलं," ती म्हणाली आणि आत गेली. बायकांना नळ आणि हवामान यातला फरक कोण समजावणार!

५ जानेवारी

एका दिवसात सहा लीटर. सहा!

विश्वास बसेना, म्हणून मापाने मोजून पाहिलं. हे सगळं पाणी माझी नात श्वासातून आत घेत होती! बादलीत ओतलं आणि तडक शेजारच्या शिंप्याकडे गेलो. तो कापड बेतत होता, मी बादली समोर ठेवली.

"हे काय? पाणी भरायला निघालात?"

"हवेतलं आहे. माझ्या मागच्या खोलीच्या हवेतलं."

त्याने बादलीत बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि कात्री खाली ठेवली. "एवढ्याशा खोलीतून? खोलीत विहीर आहे का हो तुमच्या?"

पोट धरून हसलो. त्याच्या डोळ्यांतलं कौतुक लपत नव्हतं. येताना बादली मुद्दाम उजव्या हातात धरली, रस्त्यावरच्या लोकांना दिसावी म्हणून.

८ जानेवारी

स्वयंपाकघराच्या दाराआड तक्ता लावला. रकाने: तारीख, हवा, लीटर, घड्याळाचा टक्का, शेरा. नियमही करून दिले. खिडकी बंद. दार बंद. ओले कपडे त्या खोलीत आणायचे नाहीत. ठमीने ओले पाय घेऊन यायचं नाही. बायकोने विचारलं, "श्वास घेतला तर चालेल?" मी तक्त्याला आणखी एक खिळा ठोकला.

टक्का चौऱ्याहत्तर. ठमी दोन दिवस कमी खोकली. लेक सायकलींच्या कारखान्यात चाकं जोडायच्या कामावर आहे. आज जाताना म्हणाली, "बाबा, फरक वाटतोय हं." छाती इतकी फुगली की सदऱ्याचं बटण ताणलं गेलं.

१२ जानेवारी

धुकं. सहा लीटर. टक्का चौऱ्याहत्तर. हत्तीची जाळी धुतली.

१३ जानेवारी

धुकं, भुरभुर पाऊस. सहा लीटर. टक्का चौऱ्याहत्तर. तो खाली का येत नाही, कळत नाही. लढाई तुल्यबळ आहे, एवढाच याचा अर्थ.

१५ जानेवारी

ठमीला ओरडलो. नंतर वाईट वाटलं, म्हणून लिहितोय.

सकाळी सगळे कामात होते, आणि ही भिंतीला कान लावून उकिडवी बसलेली. तीच काळी भिंत, जिच्यापासून लांब राहा म्हणून मी घसा कोरडा केलाय.

"काय करतेस गं तिथे?"

"आबा, श्श्! भिंत शू करतेय."

"काय?"

"शू करतेय. बारीक. ऐका ना."

मी तिला बखोटीला धरून उठवलं आणि म्हटलं की असलं घाण बोलायचं नाही, आणि बुरशीला कान तर मुळीच लावायचा नाही. तिचा चेहरा पडला. बायको दारात उभी होती. ती भिंतीकडे बघत होती, मग माझ्याकडे बघायला लागली. मी तक्ता भरायला निघून गेलो. सहा लीटर.

१९ जानेवारी

आज तर कमालच झाली.

परवापासून कोरडा वारा सुटलाय. धुकं गायब, लख्ख ऊन. शिंपी म्हणाला की त्याच्या दुकानातल्या भिंतीसुद्धा खडखडीत झाल्या आणि कापडाला हात लावला की करकर वाजतं. सगळ्या आळीत ओल नावाला उरली नाही. आणि आमच्या हत्तीने किती काढलं? सहा लीटर! बाहेर धुकं असो वा ऊन, त्याच्या कामात कसूर नाही. जिथे कुणाला पाणी सापडत नाही तिथेही तो शोधून काढतो. काय यंत्र आहे! दुकानदाराला मुद्दाम फोन करून सांगितलं. तो जरा थांबून म्हणाला, "काका, कोरड्या हवेतसुद्धा सहा?" मी म्हटलं, "तेवढेच." तो पुन्हा थांबला. स्वतःच्या मालाची तारीफ ऐकून बिचारा गहिवरला असावा.

२२ जानेवारी

लिहायला हात उचलत नाही.

पहाटेपासून ठमीला धाप लागली. बरगड्या दिसत होत्या. लेकीने उचललं आणि अनवाणीच डॉक्टरीणबाईंकडे पळाली, मी मागे चपला घेऊन. वाफ दिली, औषध दिलं, दुपारपर्यंत ती सावरली. घरी येताच लेकीने माळ्यावरची बॅग काढली. रागाने नाही, शांतपणे. ठमीचे स्वेटर घड्या घालून ठेवत गेली.

"महिनाअखेरपर्यंत मुदत आहे," मी म्हणालो.

"मुदत पोरीच्या छातीला कोण सांगणार, बाबा?"

हत्ती कोपऱ्यात घुंघुं करत होता. पहिल्यांदा मला त्याचा राग आला.

२३ जानेवारी

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो, एक अक्षर न लपवता.

लेकीने परवाची तिकिटं काढते म्हणून सांगितलं. मी तक्ता काढून आणला. म्हटलं, "थांब, तू भावनेने बोलतेस, मी आकड्यांनी बोलतो. हत्तीने किती काम केलंय ते ऐक." आणि मोठ्याने वाचायला लागलो. बायको भाजी निवडता निवडता ऐकत होती.

"तेरा तारीख, धुकं आणि पाऊस, सहा लीटर. चौदा, धुकं, सहा. अठरा, कोरडा वारा, सहा. एकोणीस, लख्ख ऊन, सहा. वीस, ऊन, सहा..."

विसाच्या पुढे माझं बोट रकान्यावरच थांबलं.

असा रकाना मी चौतीस वर्षं बघत आलोय. घरात माणसं असोत नाहीतर गावाला गेलेली असोत, उन्हाळा असो नाहीतर पावसाळा, आकडा तेवढाच येतो, तेव्हा त्याला एकच शेरा असतो. त्यासाठी मी लाल शाईचं पेन वेगळं बाळगायचो. हवेतलं पाणी हवेप्रमाणे कमीजास्त होतं. रोज तेवढंच येतं ते नळाचं.

ठमीने विचारलं, "आबा, पुढचं वाचा ना."

उठलो आणि अंगणात गेलो. आमच्या खात्याचा नियम होता, वाचणाऱ्याने स्वतःच्या घरचा मीटर वाचायचा नाही, दुसऱ्याने वाचायचा. तो नियम मी इतका पाळला की निवृत्त झालो त्या दिवशी मीटरच्या झाकणावर गुलाबाची कुंडी ठेवली. म्हटलं, जन्मभर झाकणं उघडली, आता हे बघायलासुद्धा नको. तीन वर्षं ती कुंडी हललेली नाही.

आज हलवली. झाकण मातीने गच्च बसलं होतं, सांडशीने उचकटलं. घरातले सगळे नळ बायकोने बंद केले, मी स्वतः पुन्हा एकदा तपासले. मीटरच्या काचेखाली एक छोटं लाल चाक असतं. सगळे नळ बंद असताना ते थांबलेलं पाहिजे.

ते फिरत होतं. हळूहळू, अगदी सवडीने.

किती वेळ ओणवा बसून होतो कोण जाणे. कमरेत कळ आली तेव्हा मागे पाहिलं, तर बायको कधीपासून उभी. 'मी सांगितलं होतं' असं ती म्हणाली असती तर भांडून मोकळा झालो असतो. ती फक्त म्हणाली, "कमर धरेल तुमची. उठा, मी हात देते."

तक्त्यावर आजच्या शेऱ्याच्या रकान्यात, माझ्याच घरापुढे, लाल शाईत लिहिलं: गळती. अक्षर चांगलं आलं नाही.

२४ जानेवारी

सकाळी लंबूला फोन केला. लंबू म्हणजे खात्यातला माझा चेला, आता आमच्या आळीचे मीटर तोच वाचतो. आधी तर ऐकून तो हसला. "काका, तुमच्या घरी गळती? थट्टा करताय."

"तू दर खेपेला आकडा काय लिहायचास?"

तो पडलेल्या आवाजात म्हणाला, "तुमचं झाकण मी कधी उघडलंच नाही. वर कुंडी, आणि घर तुमचं. म्हटलं, इथे काय बघायचं? मागच्या आकड्यात अंदाजाने मिळवायचो."

एरवी याला उभा सोलला असता. पण कुठल्या तोंडाने? त्याने जे केलं तेच मी केलं, फरक इतकाच की मी भिंतीच्या आत राहतो. "यापुढे देवाचं घर असलं तरी झाकण उघडायचं," एवढंच म्हणालो.

मग न्हाणीघराची भिंत फोडली. तिसऱ्या लादीमागे जोड दिसला. माझा जोड. आट्यांवर गुंडाळलेला धागा कुजला होता आणि केसासारखी बारीक धार विटेवर पडत होती. ऐकू आली, ठमी म्हणाली होती तशीच. मी तिला हाक मारली आणि ऐकवली.

"सांगितलं होतं ना?" ती म्हणाली. या घरात हे वाक्य बोलायची हिंमत एकटीची.

"सांगितलं होतंस," मी म्हणालो. "आबांना ऐकू आलं नाही."

मोठा नळ बंद करून पाना लावला. आता एक गोष्ट, जी कुणाला सांगितलेली नाही. वर्षभर झालं, जोर लावला की माझा उजवा हात थरथरतो. पाना दोनदा घसरला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा लेक मागे आली, ओढणी कमरेला खोचून. तिने उद्याच्या तिकिटांबद्दल चकार शब्द काढला नाही. हाताकडे बघितलं आणि तेवढंच म्हणाली, "सरका, बाबा."

सरकलो. काय सांगू! आधी आटे जुन्या ब्रशने घासून लख्ख केले, मग धागा आट्यांच्या दिशेने ताणून गुंडाळला, एक फेरा सैल नाही, मग पाना लावला आणि आवळताना शेवटच्या अर्ध्या फेऱ्याला थांबली, कान देऊन. ते थांबणं मी तिला शिकवलं होतं, ती दहा वर्षांची असताना. मला वाटलं होतं विसरली असेल. बारा वर्षांपूर्वी मी इतका सुंदर जोड घातला नव्हता. हे मी तिला तोंडावर सांगितलं. "चला, काहीतरीच," म्हणाली, आणि हात पुसत बसली, गरजेपेक्षा जास्त वेळ.

नळ सोडला. चौघंही अंगणात मीटरभोवती ओणवे. ठमी काचेला नाक लावून म्हणाली, "आबा, चाक झोपलं."

२७ जानेवारी

पाच लीटर. भिंत अजून ओली, तिच्या पोटातलं पाणी निघायला वेळ लागणार. पण आता हत्ती जे पितो ते साठलेलं पितो, नवं येत नाही. बिचाऱ्याला दिवसभर गळका माठ उपसायला लावला होता मी. तिकिटं लांबली, पण बॅग भरलेलीच आहे, पलंगाखाली.

३१ जानेवारी

साडेतीन लीटर. टक्का पासष्ट. आज मुदत संपली.

डॉक्टरीणबाईंनी ऐकलं. "घरघर आहे, पण कमी आहे. काय केलंत?"

लेक माझ्याकडे बघायला लागली. सगळं हत्तीवर ढकलता आलं असतं, त्यात खोटंही नव्हतं. पण म्हणालो, "भिंतीत नळ गळत होता. जोड माझाच होता, आणि माझ्याच लक्षात आलं नाही. माझ्या लेकीने दुरुस्त केला." बाहेर दोन माणसं बसली होती, त्यांनीही ऐकलं असणार. ऐकू देत.

"पंधरा दिवस आणखी देते," त्या म्हणाल्या. दारातून बाहेर पडताना लेकीने माझा थरथरणारा हात धरला आणि घर येईपर्यंत सोडला नाही. भर रस्त्यात, एवढी मोठी बाई!

६ फेब्रुवारी

दोन लीटर. धुकं आहे, तरी दोन. बायकोला म्हटलं, तक्ता आजपासून तुझ्याकडे. ती म्हणाली, "मला कुठे येतं?" मी म्हणालो, "चार जानेवारीलाच तुला आलं होतं." ती हसली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, या हसण्यावर अजून माझा इलाज नाही.

११ फेब्रुवारी

पाऊण लीटर. भिंत खरवडली, बुरशी धुतली, चुना दिला. ठमीने खालच्या कोपऱ्यात खडूने हत्ती काढला. पुसला नाही.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंनी नळी पुढे लावली, मागे लावली, श्वास घे म्हणाल्या, सोड म्हणाल्या. मी छताकडे बघत होतो. शेवटी त्यांनी नळी कानांतून काढली आणि ठमीच्याच गळ्यात घातली. "ऐक बरं, काही वाजतंय का?"

ठमीने स्वतःच्या छातीवर ती लावून डोळे मिटले. "ढब ढब वाजतंय."

"आणि सूं सूं?"

"नाही."

"मग जा घरी. आपल्याच घरी."

घरी आल्यावर लेकीने पलंगाखालची बॅग ओढली, स्वेटर कपाटात लावले आणि रिकामी बॅग माळ्यावर फेकली. हो, फेकलीच, जोराने. बायको देवघराकडे गेली. मी अंगणात जाऊन उगाच गुलाबाला पाणी घालत बसलो, कारण डोळे भरून आले होते आणि घरात सगळ्या बायका.

१७ फेब्रुवारी

टक्का चोपन्न. काल दिवसभर आणि आज सकाळपर्यंत हत्ती सुरू होता. टाकी बाहेर काढून उजेडात धरली. बायकोने बघितलं, तक्त्यावर आकडा लिहिला आणि म्हणाली, "आता कुठे निघालात ती घेऊन?"

शिंप्याकडे. रस्ताभर टाकी दोन्ही हातांत धरली होती, छातीशी. भेटेल तो बघत होता. शिंप्याने मशीन थांबवलं, चष्मा वर केला. मी टाकी त्याच्या फळीवर ठेवली. तो आत वाकला, बोट फिरवून पाहिलं, टाकी उलटी करून पाहिली.

"अहो, यात तर थेंबसुद्धा नाही!"

"तेच दाखवायला आणलीये," मी म्हणालो.